कन्सेंट मिळाली, पण बँक गॅरंटीने घाम काढला : माझा अनुभव

आमच्या आंबा पल्पच्या युनिटला प्रदूषण नियंत्रण मंडळाची कन्सेंट, म्हणजे संमती, मिळाली त्याला आता बराच काळ लोटला, तरी बँक गॅरंटीचं (आम्ही अट मोडली तर मंडळाला पैसे देऊ, या बँकेच्या लेखी हमीचं) नाव काढलं की माझं डोकं अजून तापतं. नवीन युनिट काढणारे ओळखीतले लोक फोन करून विचारतात, "ताई, मंडळात फार त्रास होतो का हो?" मला त्रास झाला तो बँकेत, आणि त्याबद्दल आधी कुणीच सावध करत नाही. म्हणून लिहितेय.

मंडळाचं काम सरळ झालं. 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा, दोन्हींसाठी एकच ऑनलाइन अर्ज. आधी उभारणीची संमती, मग चालवण्याची. उद्योगांचे प्रदूषणानुसार रंगांचे गट असतात, त्यात फळप्रक्रिया म्हणून आम्ही नारिंगी गटात आलो. सातबारा, नकाशा, ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) माहिती, पाणी किती येतं-जातं त्याचा ताळेबंद, एवढी कागदपत्रं लागली. ताळेबंदात क्रेट आणि फरशी धुण्याचं पाणी धरा, हंगामात सगळ्यात जास्त पाणी तिथेच जातं. जल कायद्यात चार महिन्यांत निर्णय आला नाही तर संमती मिळाली असं मानण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर मशीन सुरू करू नका.

मग संमतीपत्रात अट आली : ईटीपी नीट चालवण्याची हमी म्हणून बँक गॅरंटी द्या. ही अट मला मनापासून पटली. पल्पचं सांडपाणी दिसायला निरुपद्रवी, पण त्यातली साखर पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, गेली की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शेताला सोडायच्या पाण्याचा बीओडी (घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत, ओढ्या-नदीत सोडायच्या पाण्याचा 30 च्या आत, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. कोणी ती मोडली तर पूर्वी खटला भरायचा आणि वर्षानुवर्षं तारखा मोजायच्या. गॅरंटी असली की पैसे आधीच अडकलेले असतात. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच मान्य केलं होतं, आणि मंडळं अशी गॅरंटी मागू शकतात हे त्याच न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केलं.

तर बँक. नाव लिहीत नाही. आमचं खातं तिथे कित्येक वर्षांचं. रकमेइतकी एफडी ठेवली, म्हणजे बँकेला धोका शून्य. मंडळाचा ठरलेला मसुदा होता : मंडळाने मागणी केली की विनाअट पैसे द्यायचे. बँकेने स्वतःचा मसुदा काढला, ठेकेदारांच्या कामासाठी असतो तसा. त्यात 'कसूर सिद्ध झाल्यास' असे शब्द. मंडळ हे घेणार नाही, असं मी तिथल्या तिथे सांगितलं. शाखेतून उत्तर आलं, "मॅडम, लीगलकडे पाठवतो." लीगलकडून मसुदा परत आला तो आणखी एक कलम चिकटवून : गॅरंटीची मुदत संपल्यावर वर्षभराचा क्लेम पीरियड (मंडळाला बँकेकडे मागणी नोंदवायची जादा मुदत). म्हणजे ते वर्षही एफडीवर लिअन (बँकेचा ताबा, एफडी मोडता येत नाही), त्या वर्षाचंही कमिशन, वर 18 टक्के जीएसटी.

विचारलं, का? "कायद्यात आहे." कुठल्या? करार कायद्याच्या कलम 28 मध्ये, म्हणे. मी बसून ते कलम वाचलं. एक वर्षाचा उल्लेख आहे खरा. पण 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लार्सन अँड टुब्रो विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात सांगितलंय की ते वर्ष कोर्टात दाद मागण्याच्या मुदतीबद्दल आहे, बँकेकडे मागणी नोंदवण्याच्या मुदतीबद्दल नाही. शाखेत हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. फाईल वर गेली, खाली आली, साहेब रजेवर गेले. झाडावर आंबा तयार होत होता आणि माझी फाईल कुणाच्या तरी टेबलावर पडून होती. हातात तयार ईटीपी, बागायतदारांना दिलेला शब्द, आणि अडलं काय तर एका कागदाचे शब्द. त्या दिवसांतला संताप आजही तसाच आहे.

सुटलं ते लेखी पत्राने. मंडळाचा मसुदा, संमतीपत्रातलं अटीचं पान आणि निकालाची प्रत जोडून लिहिलं : या मसुद्यात गॅरंटी द्या किंवा नकाराचं कारण लेखी कळवा. पोच घेतली. लेखी नकार द्यायला कुणी तयार होईना, आणि गॅरंटी मंडळाच्या शब्दांत निघाली. मला त्याचा अभिमान आहे.

आता आठवलं म्हणून : सीएच्या भांडवली गुंतवणुकीच्या दाखल्यात घसारा वजा न केलेली मूळ किंमत हवी, कारण संमतीची फी त्यावरच ठरते. हे मला खटकतं. किती पाणी वापरलं, किती घाण सोडली, याचा त्या फीशी संबंध नाही. पाणी वापरावर आकारणी करणारा 1977 चा जल उपकर होता, त्यात सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्याला सूट मिळायची. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तो रद्द झाला. स्वच्छ काम करणाऱ्या लहान युनिटला तशी सवलत पुन्हा मिळायला हवी.

गॅरंटी परत मिळते, पण मागावी लागते. पाण्याचे तपासणी अहवाल पहिल्या दिवसापासून फाईलला लावा. आमची पूर्ण परत आली, एक रुपया कापला गेला नाही. मूळ कागद बँकेत जमा करतानाच लिअन काढण्याचा अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या.