झाकणातली राणी क्रिस्टीना

स्टॉकहोमच्या गामला स्तान या जुन्या भागात पावसापासून आडोसा म्हणून मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरलो आणि दोन तास तिथेच रमलो. कपाटात चांदीचे एक टँकार्ड होते: बिअर पिण्याचे झाकणाचे भांडे, तीन गोळ्यांच्या पायांवर उभे, आणि झाकणाच्या मधोमध बसवलेले एक जुने नाणे.

मालकीणबाईंनी हातमोजे दिले आणि टँकार्ड माझ्या हाती सोपवले. झाकणातले नाणे म्हणजे १६४२ चा रिक्सडालर, स्वीडनचे चांदीचे मोठे नाणे. वर स्वीडनची राणी क्रिस्टीना हिचा चेहरा होता, पण पिढ्यान्‌पिढ्या भांडे घासल्यामुळे तिचे नाक आणि कपाळ पार सपाट झाले होते. मग मी मुठीजवळची खुंटी अंगठ्याने दाबली. झाकण उघडताच आतून त्याच नाण्याची दुसरी बाजू दिसली, आणि हाती पृथ्वीचा गोल घेतलेल्या ख्रिस्ताच्या वस्त्राच्या चुण्या टांकसाळीतून आजच आल्यासारख्या ठसठशीत होत्या.

नाण्यावरचे साल भांड्याचे वय सांगत नाही. भांडे त्या सालाआधीचे नाही, एवढेच त्यावरून ठरते. खरे वय तळाशी असते. तिथे चांदीवर मारला जाणारा तीन मुकुटांचा सरकारी शिक्का होता, ज्याला स्वीडिश लोक मांजराचा पंजा म्हणतात, आणि शेजारी साल सांगणारे 'पी' हे अक्षर. १७५९ ला 'ए' धरून दरवर्षी पुढचे अक्षर, मात्र 'जे' वगळून. म्हणजे 'पी' हे १७७३. कारागिराच्या हाती आले तेव्हा नाणे १३१ वर्षांचे होते. इतका काळ ते कोणीतरी न मोडता जपले होते.

भांड्याला झाळून (डाग देऊन) बसवल्यामुळे नाण्याची किंमत उतरते, असे नाणेसंग्राहक म्हणतात. मला ते पटत नाही. चांदीची असंख्य जुनी नाणी वितळून गेली. हे भांड्यात बसले म्हणून उरले.

दुसऱ्या दिवशी मी इतिहास संग्रहालयातल्या शाही नाणेसंग्रहात गेलो. क्रिस्टीनाच्याच कारकिर्दीत, १६४४ साली, स्वीडनने तांब्याच्या पत्र्याचे दहा डालरचे नाणे पाडले, ज्याचे वजन १९.७ किलो होते. तांबे फालुनच्या खाणीतून मुबलक मिळे, चांदी मात्र कमी होती. झाकणावर रिक्सडालर मिरवण्यात घरच्यांना केवढा अभिमान वाटत असेल, ते त्या पत्र्याचा विचार करताना मला उमगले. जवळच एका काचेखाली क्रिस्टीनाचा एक न झिजलेला रिक्सडालर होता, पण तो मखमलीवर ठेवलेला असल्यामुळे त्याची ख्रिस्ताची बाजू मला पाहता आली नाही.