डबा फोडणे

आमच्या घरात आमरसाचा डबा कधी कुणी उघडला नाही. तो फोडला जायचा. "रे, एक डबो फोड रे," असं आईने चुलीपुढून सांगितलं की आम्ही पोरं पडवीत गोळा व्हायचो. मराठीत हे क्रियापद तसं जपून वापरतात. पेटी उघडायची, बाटली उघडायची, दप्तर उघडायचं. फोडायचं ते नारळ, मडकं, गुपित आणि फार झालं तर एखाद्याचं डोकं. एकदा फुटलं की जे परत पहिल्यासारखं होत नाही, ते फोडायचं. सीलबंद डबा त्याच पंगतीतला.

घर देवगड तालुक्यात, म्हणजे मे महिना आंब्याचा. पेटीत बसणारा देखणा आंबा आधी मुंबईला जातो. महिना संपत आला, समुद्रावरून ढग यायला लागले की 'कॅनिंगचा आंबा' सुरू होतो. डागाळलेला, लहान, एका बाजूने जरा जास्तच पिकलेला. तो किलोवर जातो, आणि त्याचा दर खाली यायला फक्त एक पाऊस पुरतो. त्यातलेच चार क्रेट घरासाठी बाजूला काढून आम्ही डबे भरून आणायचो. आंबे आपले, डबे आणि मशीन कॅनिंगवाल्यांचं. साडेआठशे ग्रॅमच्या डब्यात रस भरायचा, झाकणाची कड डब्याच्या कडेत दुमडून दाबायची आणि डबे उकळत्या पाण्यात सोडायचे. आंब्याच्या रसात आंबटपणा असतो म्हणून एवढ्यावर भागतं. मटार किंवा मासे भरायचे तर कुकरसारखं दाबाखाली तापवावं लागतं. डबा गार झाला की आतली वाफ आटते, पोकळी तयार होते आणि झाकण किंचित खोल बसतं. बाबा माळ्यावर डबे लावताना प्रत्येक झाकणावरून अंगठा फिरवायचे. झाकण फुगलेलं लागलं तर तो डबा बाद. मग कितीही जीव तुटला तरी.

फोडण्याचं काम बाबांचं. त्यासाठी घरात मुंबईहून कुणीतरी आणलेला, पोपटाच्या चोचीसारखा एक ओपनर होता, पण तो नेमका हवा तेव्हा सापडायचा नाही, आणि सापडला तर डब्याच्या कडेवरून घसरून पाटावर उमटायचा. म्हणून पटाशी आणि हातोडी. डबा पायरीवर ठेवायचा, कडेजवळ पटाशी टेकवायची, एक ठोका. सुस्स करून हवा आत जायची. मग ठोका, डबा थोडा फिरव, ठोका, फिरव. झाकण निघायचं ते करवतीच्या पात्यासारखं दातेरी होऊन. दर वर्षी कुणाचं ना कुणाचं बोट कापायचं आणि हळदीचा डबाही त्याच वेळी निघायचा. पिवळ्यावर पिवळं.

ही आमची अडाणी पद्धत आहे असं मला फार वर्षं वाटत होतं. मग कळलं की ती मूळची अधिकृत पद्धत आहे. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने 1810 साली घेतलं. ते विकत घेऊन ब्रायन डाँकिन आणि जॉन हॉल यांनी 1813 पर्यंत लंडनच्या बर्मंड्सी भागात कारखाना उभा केला. गिऱ्हाईक मुख्यतः आरमार आणि लांबच्या सफरीवरची जहाजं. 1824 साली पॅरी नावाचा दर्यावर्दी उत्तरेकडच्या बर्फात गेला तेव्हा त्याच्या जहाजावर नेलेल्या मांसाच्या डब्यावर सूचना होती: छिन्नी आणि हातोड्याने वरच्या बाजूला, कडेजवळून गोल कापावे. डबा फोडायचं खास हत्यार अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने पेटंट केलं ते 1858 साली. म्हणजे डब्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी! बाबांना हे सांगायचं राहून गेलं. ऐकलं असतं तर पटाशी पुसत ते एवढंच म्हणाले असते, "मग? आम्ही काय वेगळां करत होतंव?"

हत्यार डब्याबाहेर न ठेवता डब्यालाच चिकटवायचं, ही कल्पना सुचायला आणखी शंभर वर्षं लागली. अगदी काहीच नव्हतं असं नाही. पत्र्याची जीभ किल्लीवर गुंडाळत उघडायचा डबा 1866 पासून होता. पण त्यातही किल्ली हरवायची सोय होती. शीतपेयाच्या डब्यावरच्या रिंगचं श्रेय जातं एर्मल फ्रेझकडे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन गावी त्याचा हत्यारं बनवायचा कारखाना होता. गोष्ट अशी सांगतात की 1959 साली तो सहलीला गेला, ओपनर घरीच राहिला आणि शेवटी बिअरचा डबा मोटारीच्या बंपरवर आपटून भोसकावा लागला. आपल्याकडे असं झालं असतं तर ओपनर विसरला कोण यावर परतीचा प्रवास झाला असता. फ्रेझने घरी येऊन डोकं चालवलं.

अडचण कुठे होती ती नीट पाहण्यासारखी आहे. झाकणाला कडी लावायची तर भोक पाडून रिव्हेट, म्हणजे ठोकून चपटी करायची खीळ, मारावा लागतो, आणि भोक पाडलं की डबा गळणार. फ्रेझने रिव्हेट बाहेरून आणलाच नाही. झाकणाच्याच पत्र्याला मधोमध बुडबुड्यासारखं वर ओढलं, त्यावर कडीचं भोक बसवलं आणि बुडबुडा दाबून चपटा केला. भोक नाही, जोड नाही. झाकणानेच कडी धरून ठेवलेली. 1962 साली पिट्सबर्गच्या एका बिअरवर ही झाकणं आली आणि 1963 साली पेटंट मिळालं.

पण कडी हा अर्धाच भाग. माझा जीव अडकतो तो रेघेवर. रिंगच्या झाकणावर कडेने एक बारीक रेघ असते. ती कापलेली नसते, ठशाने दाबलेली असते. पत्रा आधीच पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यात तेवढ्या रेघेपुरता तो आणखी पातळ. इतका पातळ की माणसाच्या बोटाने फाटावा, आणि इतका जाड की ट्रकमधून खड्ड्याखड्ड्यांतून आपटत आलेला डबा फाटू नये. (मुंबई-गोवा महामार्गावरून तो आला असेल तर रेघ घालणाऱ्याला माझा नमस्कार.) बाकी सगळं झाकण मजबूत करण्यासाठी त्यावर वळ्या पाडायच्या, मिश्रधातू निवडायचा, आणि एका रेघेवर मुद्दाम, मोजून, कच्चं ठेवायचं. हे कच्चेपणाचं माप चुकलं की एक तर डबा वाटेत फुटतो, नाही तर गिऱ्हाईक चिडतं.

आमची आजी नारळ फोडायच्या आधी पाण्यात बोट बुडवून नारळाच्या पोटावरून एक गोल रेघ ओढायची. मग तो डाव्या तळहातावर धरायचा, कोयत्याच्या पाठीने ठोकत ठोकत फिरवायचा आणि बरोबर त्या ओल्या रेघेवर तो दुभंगायचा. पाण्याने नारळ कच्चा होतो की रेघेमुळे हात सरळ फिरतो यावर घरात दोन पक्ष होते. मी हाताच्या पक्षातला. पण रिंगचं झाकण पाहिलं की मला आजीचं ते ओलं बोट आठवतं. कुठे फुटायचं हे आधीच सांगून ठेवलेलं.

आणि नारळ तरी काय, तोही डबाच. वर तीन डोळे. त्यातले दोन टणक आणि एक मऊ, कारण आतल्या कोंबाला तिथूनच बाहेर यायचं असतं. पोरं त्यात खिळा घालून पाणी प्यायची. सगळीकडून अभेद्य आणि एका जागी मऊ. फक्त ही सोय नारळाने आतल्यासाठी केलीय, आपल्यासाठी नाही.

शीतपेयाच्या डब्याची गंमत निराळी. आमरसाच्या डब्यात पोकळी असते, तिथे हवा आत शिरते. यात वायू दाबून भरलेला, तो बाहेर यायला टपलेला. रिंग उचलताना पहिल्या क्षणी तिचं पुढचं टोक, म्हणजे नाक, झाकणावर टेकतं, मागे आपण उचलतो आणि मधला रिव्हेट वर ओढला जातो. म्हणजे आडकित्ता: टेकू टोकाला, सुपारी मध्ये. रेघ जराशी उलते, फिस्स करून वायू निघतो, दाब उतरतो. लगेच टेकू जागा बदलतो. आता रिव्हेट टेकू होतो आणि नाक रेघेच्या आतल्या पत्र्याला, म्हणजे जिभेला, खाली ढकलतं. म्हणजे जांभ्याचा चिरा हलवायला गडी पहारीखाली दगड सारतात ती तऱ्हा. एकाच उचलीत आधी आडकित्ता, मग पहार. एवढं सगळं होतं आणि आपण त्या वेळी भलतीकडे बघत असतो.

ही जीभ डब्यालाच लटकून राहते, तीही नंतरची सुधारणा. फ्रेझच्या काळात जीभ रिंगसकट हातात यायची आणि लोक ती जिथे बसले असतील तिथे टाकायचे. अमेरिकेतल्या किनाऱ्यांवर वाळूत अशा रिंगा रुतल्या आणि अनवाणी पाय कापू लागले. काहीजण शहाणपणा करून रिंग डब्यातच टाकायचे आणि पिताना गिळायचे. 1975 साली डॅनियल कडझिक याच्या कल्पनेतून निघालेली, न सुटणारी रिंग बाजारात आली. रेघ पूर्ण गोल न ठेवता थोडी तोडली की झालं, जीभ तिथे लोंबकळते. कुणकेश्वरच्या वाळूत आता सुट्या रिंगा सापडत नाहीत. अख्खे डबे सापडतात. त्याला कडझिक तरी काय करणार.

गेल्या गणपतीत काकीने भरून आणलेले डबे रिंगचे होते. डब्यामागे थोडे जास्त पैसे, पण पोरांना बरं, म्हणून तिने घेतले. आम्ही पोहोचलो तेव्हा ती एक डबा मांडीवर घेऊन ओट्यापाशी बसलेली. आयुष्यभर चुलीपुढे काम केलेली बोटं. सांधे सुजलेले, नखं गेलेली. रिंग झाकणाला अशी चिकटून बसते की आधी तिच्याखाली नख जायला हवं.

"ह्यां कसां उघडूचां रे?" ती म्हणाली. "सकाळपासून बसलंय. डबो काय उघडूक नाय."

मी चमच्याचं टोक रिंगखाली घालून जरा उचललं, जाणकाराच्या थाटात. फ्रेझ, रिव्हेट, टेकू, सगळं सांगायला सुरुवातही केली. आणि ओढली. रिंग हातात आली. झाकण जागेवर.

अशा वेळी डबा उलटा करून बुडाला ओपनर लावायचा असतो. ओपनर अर्थातच सापडला नाही. काकीने हातातल्या रिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "ह्याच्यापेक्षा भावजींची पटाशी बरी होती."

पटाशी पडवीतल्या फळीवर होती, मूठ वाळवीने खाल्लेली. हातोडी मिळाली नाही म्हणून कोयत्याची पाठ घेतली. पुतण्या मोबाइल धरून उभा राहिला. त्याने डबा फोडताना कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या ठोक्याला हवा आत गेली. दुसरा जरा जोरात बसला आणि रस उडाला तो थेट भिंतीवरच्या कालनिर्णयवर, नेमका चतुर्थीच्या चौकोनात.

"हळद खंय हा?" काकीने आत हाक दिली. अजून कुणाचं बोट कापलं नव्हतं.