अंगठा कुठे ठेवला, झेरॉक्स कुठे दिली?

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे आता खेड्यातल्या आज्जीलाही पाठ झालंय. पण आधार जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे काढायला ओटीपी लागतच नाही. बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर काम होतं. या पद्धतीला एईपीएस म्हणतात. एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते. आपल्या खात्याला ही सोय चालू आहे, हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

ठसा चोरायला बोट कापून न्यावं लागत नाही. जमिनीच्या खरेदीपत्रावर अंगठा असतो, सोबत ओळखीसाठी आधारची प्रत असते, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच कागदाच्या गठ्ठ्यात. २०२३ मध्ये मंगळूर-बंगळूरकडे दस्त नोंदणी केलेल्यांच्या खात्यांतून पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा संशय या दस्तांवरच्या ठशांवर होता. कागदावरचा ठसा स्कॅन करून त्यावरून सिलिकॉनचा किंवा गोंदाचा पातळ पापुद्रा तयार करतात आणि तो बोटावर चिकटवून मशीनवर ठेवतात. दस्त तर बदलता येत नाही, आणि अंगठाही नाही. म्हणून कुलूप मशीनच्या बाजूने लावायचं.

ते आधारच्या वेबसाइटवर लागतं. 'माय आधार'मध्ये आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जायचं, 'लॉक / अनलॉक बायोमेट्रिक्स' उघडायचं, खालच्या चौकटीत टिक करून पुढे जायचं. कुलूप लागलं की बोट, डोळे आणि चेहरा तिन्ही बंद होतात. ओटीपीने होणारी कामं मात्र चालू राहतात. कुलूपबंद बोट मशीनवर ठेवलं तर ३३० क्रमांकाची चूक येते. ती आली की काम फत्ते समजा.

पहिली अडचण येते रेशन दुकानात. तिथेही अंगठाच लागतो, आणि ३३० बघून दुकानदार म्हणतो, "तुमचं आधार बंद पडलंय." बंद काही पडलेलं नसतं. रांगेत आपला नंबर जवळ आला की 'तात्पुरतं अनलॉक' करायचं. ते १० मिनिटं उघडं राहतं, मग आपोआप पुन्हा बंद होतं. घरातून निघतानाच उघडलंत तर नंबर येईपर्यंत ती १० मिनिटं संपलेली असतात. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी हेच करावं लागेल. यातलं काहीही करायला आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा. मुलाचा पुण्यातला जुना नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदला. टपाल खात्याच्या पेमेंट बँकेचे पोस्टमन हे काम घरी येऊनही करतात.

पैसे काढायला गावातल्या केंद्रावर जात असाल तर एक चाल ओळखून ठेवा. पहिल्यांदा बोट ठेवल्यावर "सर्व्हर डाऊन आहे, परत ठेवा" असं सांगतात. प्रत्यक्षात पहिल्याच बोटाला पैसे निघालेले असू शकतात. खेड्यात सर्व्हर खरंही डाऊन असतो, म्हणूनच चाल खपून जाते. दुसऱ्यांदा बोट ठेवण्याआधी पहिल्या प्रयत्नाची पावती मागा, व्यवहार फसल्याची पावतीही मशीनमधून निघते. शंका राहिलीच तर आधारच्या वेबसाइटवर गेल्या ६ महिन्यांचा 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री'चा तक्ता पाहा. तारीख, वेळ, कुठल्या संस्थेने आणि बोटाने की ओटीपीने, सगळं त्यात असतं. ज्या दिवशी तुम्ही शेतात होता त्या दिवशी बोटाची नोंद दिसली, तर बाकी काही विचारायची गरज नाही.

आता झेरॉक्स. बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या आवारात काय किंवा खानापूर-निपाणीच्या कचेरीबाहेर काय, आधारची प्रत काढताना बिघडलेले कागद टोपलीत जातात आणि टोपलीतून कुठे जातात ते कुणी बघत नाही. बिघडलेली प्रत मागून घ्या. दिलेल्या प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा, पण कोपऱ्यात नको, कोपरा कापता येतो. फोटो आणि क्रमांकावरून तिरपं जाईल असं लिहा आणि त्यावरच सही करा. प्रिंटसाठी दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवणं सगळ्यात वाईट: तुम्ही मेसेज पुसलात तरी त्याच्या कॉम्प्युटरच्या डाऊनलोडमध्ये फाइल तशीच पडून असते. आधारचं पीडीएफ कुलूपबंद असलं तरी पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. शेजाऱ्यालाही जमेल! लॉज, भाड्याचं घर, ओळखपत्र दाखवायची किरकोळ कामं यांसाठी 'मास्क्ड' आधार द्या. त्यात फक्त शेवटचे ४ अंक दिसतात, डाऊनलोड करतानाच तो पर्याय टिकने निवडायचा. सरकारी योजनेच्या अर्जाला ते बहुधा चालत नाही, तिथे वाद घालत बसू नका.

सीमाभागातली खरी गोम कानडी अर्जाची आहे. वाचता येत नाही म्हणून "कुठे सही करू?" एवढंच विचारून मोकळं होणारे कितीतरी जण असतात. निदान चार शब्द कानाने ओळखायला शिका आणि भरणाऱ्याला अर्ज मोठ्याने वाचायला लावा. 'साल' म्हणजे वर्ष नव्हे, कर्ज. 'सालगार' म्हणजे कर्जदार, 'जामीनुदार' म्हणजे जामीन राहणारा, 'ओप्पिगे' म्हणजे संमती. गृहलक्ष्मीच्या, म्हणजे बायकांना महिन्याला पैसे देणाऱ्या कर्नाटकच्या योजनेच्या, दुरुस्तीच्या अर्जात 'सालगार' यायचं काही कारण नाही.

बचत गटाच्या संघातल्या बायकांच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज उचलून पैसे तिसऱ्याने वापरायचे, हा प्रकारही यातलाच, पण कायद्याने तो वेगळा पडतो. तुमच्या नकळत कागद वापरले तर ती ओळख चोरी, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी कलम. "हप्ता मी भरते, तू फक्त सही कर" यावर सही केलीत तर कर्जदार तुम्हीच. कमिशनवर पासबुक आणि एटीएम भाड्याने देणं याहून वाईट, कारण उद्या पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या.

नावावर कुठली कर्जं आहेत ते क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जांच्या नोंदीच्या उताऱ्यात कळतं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बचत गटाच्या कर्जासाठी क्रिफपासून सुरुवात करा. आधी 'एन्क्वायरी'चा भाग वाचा: अनोळखी कंपनीने चौकशी केलेली असेल तर कर्ज मंजूर व्हायच्या आधीच सुगावा लागतो. खोटं कर्ज दिसलं तर तिथेच तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी मागायची एकच गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे कर्जाची रक्कम कुठल्या खात्यात जमा झाली. ते खातं तुमचं नसेल तर बाजू तुमची भक्कम.

सिमचं काम दोन मिनिटांचं. 'संचार साथी' या सरकारी वेबसाइटवर स्वतःचा नंबर टाकला की तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात, परका असेल त्यापुढे 'माझा नंबर नाही' दाबायचं. तुमचं सिम दुसऱ्याने काढून घेतलं तर तुमची रेंज अचानक जाते. खानापूरच्या जंगलपट्टीत, जांबोटी-कणकुंबीकडे रेंज जाणं रोजचंच, त्यामुळे इथे ही खूण हमखास चुकते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनला त्याच जागी रेंज असेल आणि तुमच्याला नसेल, तर दुसऱ्या फोनवरून बँकेला लगेच कळवा.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक कागदावर लिहूनच फोन लावा, नाहीतर शोधण्यातच वेळ जातो. पोलीस तक्रारीसाठी बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालयाचं सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांचं) ठाणं आहे, खानापूर-निपाणीला जिल्ह्याचं वेगळं. मग बँक. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात, बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, शून्य शिलकीच्या मूळ खात्याला ५,०००. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

अर्ज दोन प्रतींत न्या. मॅनेजर "बघतो" म्हणाले तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय काऊंटर सोडू नका. ३ दिवसांत कळवलं होतं, याचा पुरावा तोच कागद.