तुम्ही विचारलंत म्हणून : वजने उचलून अंग पुरुषी होईल का?

पुण्यात गेली अनेक वर्षे मी चाळिशीपुढच्या स्त्रियांकडून व्यायाम करून घेते. नवी कोणी वर्गात आली की पहिल्या आठवड्यातच, बहुधा बाकीच्या निघून गेल्यावर, ती हळूच विचारते, "ताई, वजनं उचलून माझे दंड पुरुषांसारखे तर होणार नाहीत ना?" गेल्या महिन्यात 58 वर्षांच्या एका काकूंनीही हेच विचारले. घाईत असले की मी "नाही हो, काकू" एवढेच म्हणते, पण या प्रश्नाला पुरते उत्तर मिळायला हवे, कारण या एका भीतीपायी कितीतरी जणी वर्षानुवर्षे दोन किलोच्या डंबेलपाशीच थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण जवळजवळ सारखेच असते. पुढे मुलांमध्ये ते इतके वाढते की प्रौढ पुरुषात ते स्त्रीच्या सुमारे 15 पट भरते. या संप्रेरकाचा स्नायूंवरील परिणाम नेमका किती, हे संशोधक शालेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात फार स्वच्छपणे दिसले. त्यांनी 43 निरोगी पुरुषांचे चार गट केले. दोन गटांना 10 आठवडे दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचले, जे नैसर्गिक कमतरता भरून काढण्यासाठी देतात त्याच्या सहापट होते, आणि दोन गटांना औषध नसलेले इंजेक्शन दिले. दोन्हींपैकी एकेका गटाने आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम केला आणि उरलेल्यांनी केला नाही. औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे तीन किलोंनी वाढले, औषधाशिवाय व्यायाम करणाऱ्यांचे सुमारे दोन किलोंनी, आणि दोन्ही करणाऱ्यांचे सुमारे सहा किलोंनी. म्हणजे स्वतःचे भरपूर टेस्टोस्टेरॉन असलेल्या तरुण पुरुषांनाही, आहारावर देखरेख असताना, अडीच महिने जड वजने उचलून मिळाले ते दोन किलो. आठवड्यातून दोनदा अर्धा तास येणाऱ्या गृहिणीचे अंग नकळत पुरुषी होईल, ही शक्यता मला या आकड्यांत कुठेही दिसत नाही.

स्त्रीचे शरीर खरोखर पुरुषी झाल्याची उदाहरणे आहेत, आणि ती दुःखद आहेत. पूर्व जर्मनीत सरकारी योजनेखाली खेळाडू मुलींना ओरल-टुरिनाबोल या टेस्टोस्टेरॉनसारख्या कृत्रिम संप्रेरकाच्या गोळ्या दिल्या जात. अनेकींना त्या कशाच्या आहेत हेही सांगितले जात नसे. त्यांचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस वाढले, पाळीचे चक्र बिघडले. जर्मनी एक झाल्यावर कागदपत्रे उघड झाली तेव्हा हे सारे पुराव्यासह पुढे आले. ते बदल त्या गोळ्यांनी घडवले होते, बारबेलने, म्हणजे वजने लावायच्या दांडीने नव्हे. याउलट मीराबाई चानूने टोकियोत 49 किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा क्लीन अँड जर्कमध्ये 115 किलो डोक्यावर नेले होते. त्या वजनाची आणि तिच्या शरीराची तुलना एकदा मनाशी करून पाहावी.

पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड असलेल्या मुली हाच प्रश्न अधिक काळजीने विचारतात. त्यांच्यातील टेस्टोस्टेरॉन काहीसे वाढलेले असले तरी ते सहसा पुरुषांच्या पातळीच्या बरेच खाली राहते, आणि काम करणारे स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात, म्हणून त्यांनी तर हा व्यायाम मुळीच टाळू नये.

मग होते काय? पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था अधिक स्नायुतंतू एकदम कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायूचा आकार त्या मानाने सावकाश बदलतो. सवय नसलेल्या स्नायूंत सुरुवातीला थोडी सूज येते, पाणी साठते आणि काटा अर्धा-एक किलो वर गेलेला दिसू शकतो. नेमक्या याच वेळी कित्येक जणी घाबरून येणे बंद करतात, आणि याचे मला दर वेळी वाईट वाटते, कारण ती चरबीही नसते आणि पुरुषी दंडही नसतात.

काट्यावरचा आकडा किती फसवा असतो, याचे उत्तम उदाहरण आपल्याच शहरातले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच, 22.3 होता, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के निघाली. हे त्यांनी 2004 साली स्वतःची छायाचित्रे देऊन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. आपण दिसायला सडपातळ असलो तरी आपल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. जेवणानंतर रक्तातील साखर शोषून घेण्याचे मोठे काम स्नायूंकडेच असते, तेव्हा "मी तर बारीकच आहे, मला वजने कशाला?" या म्हणण्यात तथ्य नाही.

काकूंच्या वयात याला आणखी एक बाजू आहे. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते, चरबी नितंबांऐवजी पोटाभोवती साठू लागते आणि हाडे झपाट्याने विरळ होतात. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाने पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या 101 स्त्रियांवर आठ महिने अभ्यास केला. एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेली खरोखर जड वजने उचलली. दुसऱ्याने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटातील कण्याच्या हाडांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटात ती 1.2 टक्क्यांनी घटली. ठिसूळ हाडांच्या स्त्रियांनी जड वजनांना हात लावू नये असे मलाही शिकवले गेले होते, त्यामुळे हा अभ्यास वाचून मी माझ्या वर्गाची आखणी बदलली. मात्र ही वजने कोणी घरी एकटीने उचलू नयेत. आधी हाडांची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला, मग रिकामी दांडी धरून पाठ सरळ ठेवायला शिकणे, आणि त्यानंतर वजन.

काकूंनी तपासणी करून घेतली आहे. सध्या त्या जमिनीवरून 20 किलोची दांडी नीट उचलतात, आणि येत्या सोमवारी आम्ही तिला दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच किलोच्या चकत्या लावणार आहोत.