हँडल ओढण्याआधीचे काही सेकंद

छोट्या विमानाच्या आपत्कालीन पॅराशूटविषयी वाचताना रॉकेट आणि छत्री यांच्याकडेच लक्ष जाते. मला मात्र त्या व्यवस्थेचा सर्वांत नाजूक भाग वैमानिकाचा हात वाटतो. येथे कोणी उडी मारत नाही, अख्खे विमानच आतल्या माणसांसकट छत्रीला लटकते. हँग ग्लायडरसह शेकडो फुटांवरून तळ्यात कोसळूनही वाचलेल्या बोरिस पोपोव्ह यांनी १९८० मध्ये अशी पॅराशूट बनवणारी कंपनी काढली, आणि १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या सिरस एसआर२० विमानात ती मुळातच बसवलेली होती.

सिरसमध्ये हँडल छतात, झाकणाखाली असते. उड्डाणापूर्वी त्याची सुरक्षा पिन काढून ठेवावी लागते. ती तशीच राहिली, तर बाकी सारे व्यर्थ. दोन्ही हातांनी जोर लावून हँडल खाली ओढले की घन इंधनाचे रॉकेट पेटते, पॅराशूटची पिशवी बाहेर खेचून नेते आणि विमानाच्या कातडीखाली दडवलेले पट्टे ती फाडत वर येतात. छत्री एका झटक्यात उघडली तर धक्का असह्य होईल, म्हणून दोऱ्यांवरून सरकत येणारी एक कडी तिला हळूहळू फुलू देते. सुरुवातीला विमान नाक खाली करून लोंबकळते. मग साधारण ८ सेकंदांनी मागचा आखडून ठेवलेला पट्टा मोकळा होतो आणि शेपूट खाली येऊन विमान सपाट होते. ही योजना मला विशेष आवडते. तरीही जमिनीवरचा आदळ सुमारे १३ फुटांवरून पडल्यासारखा असतो. तो चाकांचे पाय आणि चुरगळणाऱ्या बैठका झेलतात. विमान बहुधा मोडीत निघते, आणि ते निघू द्यावे.

पण वैमानिकाला नेमके हेच जड जाते. विमान सावरण्याच्या धडपडीत तो उंची खर्च करत राहतो, आणि छत्रीला तर उंचीच हवी असते: सिरसच्याच एसआर२२ विमानाच्या चाचण्यांत सरळ उड्डाणात सुमारे ४०० फूट, गिरकीत ९२० फूट खर्च झाले. त्याउलट २००२ मध्ये टेक्ससमध्ये, देखभालीनंतर एका एसआर२२ चे एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची झडप, हवेतच निखळले, तेव्हा वैमानिकाने विमानाचा मोह सोडून हँडल ओढले आणि तो सुखरूप उतरला. आता प्रशिक्षणात, उड्डाणानंतर पॅराशूट वापरता येण्याजोगी उंची गाठली की वैमानिकाला तसे मोठ्याने बोलून दाखवायला शिकवतात.