मालक येईपर्यंत

काकूंना मी बोलावलं होतं ते संवादांचं शुद्धलेखन तपासायला. त्या गेम खेळतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

काकू म्हणजे आमच्याच वाड्यातल्या, वरच्या मजल्यावरच्या. दांडिया बाजारातला हा वाडा आता निम्मा रिकामा झालाय, पण जिन्यात चपला अजून ओळीनं लावलेल्या असतात, त्या काकूंच्या धाकामुळे. बडोद्याच्या मराठी शाळेत त्यांनी ३१ वर्षं शिकवलं. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर आजही त्या आत जाऊन सांगून येतात.

मी दिवसा मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात हिशेब बघतो आणि रात्री जेवणं आटोपली की गेम बनवतो. पाच वर्षं एकच गेम, तोही एकट्यानं. रोल प्लेइंग प्रकारचा. म्हणजे खेळणारा एका पात्राच्या अंगात शिरतो, गावभर हिंडतो, लोकांशी बोलतो, प्रसंगी लढतो आणि हळूहळू त्या पात्राचं बळ वाढत जातं. माझं पात्र आहे जुन्या बडोद्यातला एक पोरगेला जासूद. गोष्ट, नकाशे, संवाद, लढाईची गणितं सगळं माझं. नकाशासाठी मात्र मला फार डोकं चालवावं लागलं नाही. मधोमध मांडवी, पश्चिमेला लहेरीपुरा दरवाजा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. ज्यांनी हा कोट आखला त्यांनीच माझं अर्धं काम करून ठेवलंय. घरांच्या आतल्या भागासाठी तांबेकर वाड्यात कितीदा जाऊन बसलो त्याची मोजदाद नाही. दिवाण भाऊ तांबेकरांचा तो वाडा, लाकडी खांब, भिंतीभर चित्रं. तिथले रंग आठवत आठवत मी ४८ पिक्सेलच्या चौकोनी फरश्या रंगवल्या.

सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या त्या मराठीनं. मी वापरतो ते गेम बनवायचं सॉफ्टवेअर, आरपीजी मेकर एमव्ही, २०१५ साली आलं. त्यात पात्र बोलतं तेव्हा अक्षरं एकेक करून उमटतात. रोमन लिपीत हे छान दिसतं. देवनागरीत ‘मित्रा’ लिहिलं की आधी ‘म’ येतो, मग त्याच्या शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली पहिली वेलांटी, मग ‘त’, मग नुसतीच पाय मोडल्याची खूण. कारण ही वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण संगणकात साठवलेली असते अक्षराच्या नंतर. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला मात्र सहा चिन्हं: स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा पाय मोडल्याची खूण, र आणि दुसरी वेलांटी. तो बिचारा सहाही वेगवेगळी काढून ठेवतो. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकात साठवायची ठरलेली पद्धत. जोडाक्षर मध्येच तोडू नये असा नियम तिच्या अक्षरतोडणीत आला २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत. माझ्या हातातलं साधन त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणून जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत स्वतः एक प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं: व्यंजन घे, त्यापुढे पाय मोडलेला असेल तर पुढचं व्यंजनही उचल, असं जोडाक्षर संपेपर्यंत जात राहा, मग मात्रा, मग अनुस्वार, आणि हे सगळं मिळून एकदाच काढ. ओळीची उंचीही ३६ वरून ४४ केली, कारण वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार आले की डोकी आणि पाय कापले जायचे. पहिल्यांदा ‘स्त्री’ एका ठोक्यात पडद्यावर उमटलं ती रात्र मला तारखेसकट आठवते.

तर एवढं झाल्यावर, आता चूक राहू नये म्हणून काकू. मी सगळे संवाद छापून देणार होतो. त्या म्हणाल्या, “कागदावर कशाला? जिथं आहेत तिथंच वाचते की.”

रविवारी सकाळी शेवउसळ आणून ठेवली, लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात सरकवला, बाणांची बटणं दाखवली. बोलायचं असलं की एंटर, एवढंच सांगितलं. मी मागे मोढ्यावर वही घेऊन बसलो. दुसऱ्याला गेम खेळायला दिला की बनवणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं. तो अडला तरी सांगायचं नाही, फक्त कुठं अडला ते लिहायचं. हा नियम मी कडक पाळतो. विकत घेऊन खेळणाऱ्याच्या मागे मी बसलेलो नसणार.

काकू मोठ्यानं वाचत होत्या, वर्गात वाचावं तशा. पहिली दहा मिनिटं मला इतकं बरं वाटत होतं की मी काही लिहिलंच नाही. माझी वाक्यं दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकलीच नव्हती. चांपानेर दरवाज्यावरचा पहारेकरी म्हणतो, पुढे नुसत्या दऱ्या आहेत, जपून जा. काकू थांबल्या.

“दर्या? चांपानेरच्या वाटेवर दर्या कुठून आला?”

मी मान पुढे करून पाहिलं. ‘र’ डोक्यावर चढला होता.

“दरी, दऱ्या. इथं र डोक्यावर जात नाही, पुढच्या अक्षराला बिलगतो. डोक्यावर घातलास की समुद्र झाला. पहारेकरी पावागडच्या बाजूला समुद्र दाखवतोय.”

मराठीतल्या या ‘र’साठी वेगळं चिन्ह आहे, खाली टिंब असलेला ‘ऱ’. टाइप करताना मी घाईत साधा ‘र’ घेतला होता. नंतर शोधलं तर सुऱ्या, पायऱ्या, वाऱ्याचा, सगळीकडे तेच. एकूण ६३ ठिकाणी. पाच वर्षांत माझ्या डोळ्यांना एकही चूक दिसली नव्हती.

मग नदी आली. विश्वामित्रीच्या काठानं जाताना माझ्या गेममध्ये मगर अंगावर येते आणि लढाई सुरू होते. पडद्यावर चार पर्याय: हल्ला, कौशल्य, बचाव, वस्तू. काकूंनी बचाव निवडला. मगरीनं शेपटी मारली. बचावात मार निम्मा बसतो, म्हणून जासूद टिकला. काकूंनी पुन्हा बचाव घेतला. पुन्हा. पुन्हा. नवव्या फेरीला जासूद आडवा झाला आणि खेळ संपला.

“मी काहीच केलं नाही, तरी मारलं?”

मी गप्प. नियम होता.

“चोवीसच्या पुरात ताईच्या सोसायटीत मगर आली होती. फाटकापाशी. सगळे गच्चीवर उभे राहिले, पकडणाऱ्या मुलांना फोन केला, ती येईपर्यंत थांबलो. कुणी तिला दगडसुद्धा मारला नाही. पाणी आपल्या घरात आलं तसं तिच्याही घरात आलं असणार.”

बडोद्यात वाढलेल्या माणसाला हे मी समजावून सांगायची गरज नाही. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी आहेत आणि आपण त्यांच्यासोबत राहतो. मलाही हे माहीत होतंच. तरी नदी काढायला बसलो तेव्हा माझ्या हातून मगरीच्या पुढे आपोआप लिहिलं गेलं: शत्रू, जीव १२०, हल्ला १८. वहीत मी फक्त ‘मगर, बचाव x ९’ एवढंच लिहिलं. पुन्हा सुरू केल्यावर त्यांनी काठाची वाट सोडून गल्लीतून जाणं पसंत केलं.

आता त्या दिवसातला खरा प्रसंग.

गेंडीगेटजवळ एका तांबटाचं घर आहे. आत एक पेटी, पेटीत वावेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, कुलपाची किल्ली. ती घेतल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. घरात माणूस ठेवलेला नाही, कारण ठेवायची गरज मला वाटली नव्हती. या प्रकारच्या गेममध्ये खेळणारा कुणाच्याही घरात शिरतो, पेट्या आणि माठ उघडून बघतो, मिळेल ते घेतो. तशी रीतच पडली आहे, मी लहानपणापासून तशीच खेळत आलो. नंतर मला आठवलं की १९८६च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये राजवाड्यातल्या पेट्या उघडण्याआधी राजा स्वतः सांगतो, यात जे मिळेल ते घेऊन जा. म्हणजे तिथं परवानगी होती. पुढे कधीतरी तो राजा गळून पडला आणि पेट्या तेवढ्या राहिल्या.

काकू घरात शिरल्या. “अहो, आहे का कुणी?” हे त्या लॅपटॉपला म्हणाल्या. पात्र पेटीपाशी नेलं, तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि बाहेर आणून दारात उभं केलं.

“घरात कुणी नाही ने,” म्हणाल्या. बडोद्याच्या मराठीत गुजरातीतला हा ‘ने’ असा हळूच येऊन बसतो, शुद्धलेखनाच्या बाईंच्याही तोंडी.

आणि उभ्या राहिल्या.

मला वाटलं, काय करायचं ते सुचेना म्हणून थांबल्या असतील. एक मिनिट गेलं. त्यांनी उसळीतल्या शेवेचा एक घास घेतला, डोळे पडद्यावर. जासूद तांबटाच्या दारात, तोंड रस्त्याकडे. मागे संगीताचा तोच तुकडा फिरून फिरून वाजत होता. दोन मिनिटं. गल्लीतून मी सोडलेली एक गाय इकडून तिकडे गेली. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गल्लीच्या टोकाकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या मालकाची वाट बघत होत्या.

तो येणार नव्हता. मी त्याला बनवलाच नव्हता. घर होतं, भट्टी होती, कोपऱ्यात हंडे रचलेले होते, त्या हंड्यांवरचे ठोक्यांचे खळगेसुद्धा मी एकेक पिक्सेल ठेवून काढले होते. ते ठोके घालणारा माणूस मात्र नव्हता.

चार मिनिटं दहा सेकंदांनी काकू मागे वळल्या. “कधी येतात रे हे?”

पाच वर्षांत पहिल्यांदाच मी नियम मोडला. म्हणालो, “येतील काकू. पुढच्या रविवारी.”

त्या आठवड्यात कामावरून आलो की मी तांबटाच्या मागे लागत होतो. पेटी करायला तीन मिनिटं लागतात: एक इव्हेंट म्हणजे नकाशावर ठेवलेली घटना, उघडली की ‘उघडून झाली’ हे लक्षात ठेवणारा सेल्फ स्विच ‘ए’ चालू, किल्ली पिशवीत, संपलं. माणसाचं तसं नसतं. खेळणारा ज्या नकाशावर नाही तिथली पात्रं थिजलेली असतात, त्यामुळे तांबट खरोखरीचा मांडवीहून चालत येऊ शकत नाही. त्याचं येणं वेगळं मोजावं लागतं. म्हणून मागे सतत चालणारा एक कॉमन इव्हेंट ठेवला. तो सेकंदाला ६० फ्रेम मोजतो आणि दर सेकंदाला एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या खणात, एक मिळवतो. खेळणारा दारात थांबला तर चाळीस सेकंदांनी गल्लीच्या टोकाला तांबट दिसतो, खांद्यावर पिशवी. थांबला नाही, पेटी उघडून निघून गेला, तर तेही चालतं. गेम त्याला अडवत नाही. फक्त नंतर कधी तांबटाच्या दुकानावर गेला तर तांबट हातातलं काम सोडून वर बघत नाही. मगरीचंही बदललं: तीन फेऱ्या कुणी नुसता बचाव केला की ती पाण्यात निघून जाते, आणि तेवढ्यानंही जासुदाला अनुभवाचे गुण मिळतात.

तांबटाचं पहिलं वाक्य मला जमेना. ‘कोण तू? काय हवंय?’ असं लिहून ठेवलं होतं. बुधवारी जिन्यात काकूंना विचारलं, दारात अनोळखी मुलगा उभा दिसला तर तांबट काय म्हणेल?

“काय म्हणेल म्हणजे? आधी पाणी विचारेल. मग म्हणेल, काय काम काढलंत?”

तेच घातलं.

पुढच्या रविवारी काकू थेट गेंडीगेटला गेल्या. घरात डोकावल्या, बाहेर आल्या, उभ्या राहिल्या. मी मागे वही घेऊन. चाळीस सेकंद मला आधीच्या चार मिनिटांहून लांब वाटले. गल्लीच्या टोकाला पिशवी दिसली तशा काकू खुर्चीत जरा सावरून बसल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

किल्ली मिळाली, वाव उघडली. पण माझं काम त्या दिवसानं वाढवून ठेवलं. गेममध्ये दुसऱ्यांच्या घरातल्या पेट्या होत्या २६. प्रत्येकीला कुणीतरी मालक हवा, त्याची घरी यायची वेळ हवी, त्याचं पहिलं वाक्य हवं. रोज रात्री बसलो तरी वेळ जातो, कारण एकेका माणसाला दोन-दोन, तीन-तीन रात्री लागतात. आजवर १७ झाले. एक विधवा बाई आहे, ती पेटी देत नाही, आणि तिच्याकडून ती मिळवायचा मार्ग मी ठेवलेला नाही.

एका घराशी येऊन मी अडलो होतो. पाणीगेटकडचं ते घर बंदच असायला हवं, कारण त्याचा मालक गोष्टीतच पुरात गेलेला आहे, आणि त्याच्या मागे कुणी नाही. मनात म्हटलं, ही एक पेटी तरी तशीच उघडी ठेवता येईल. काकूंना सहज बोललो.

त्या जिन्यातल्या चपला पायानं सरळ करत होत्या. म्हणाल्या, “मागे कुणी नसलं तरी शेजारी असतीलच की. किल्ली त्यांच्याकडे दिलेली असणार.”

शेजारचं घर मी अजून काढलेलं नाही. तिथं सध्या नुसती भिंत आहे.