गाडी कितीले पडली?

आमच्या अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे तालुक्यात भाव विचारणे हा उद्धटपणा समजला जात नाही. कापूस घेऊन गेलेली गाडी बाजार समितीतून रिकामी परतली की वाटेत भेटणारा पहिला माणूस ख्यालीखुशालीच्या आधी 'काय भाव गेला?' असे विचारतो, आणि उत्तर देणाराही आढेवेढे न घेता खरा आकडा सांगतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची जुनी पद्धत आहे. पण ती गुप्तता सौदा पटेपर्यंतचीच, जोडी घरी आली की तिची किंमत साऱ्या गावाच्या तोंडी असते. जिथे प्रत्येकाचे वावर किती, सोसायटीचे कर्ज किती आणि मुलीच्या लग्नाला काय लागले हे सर्वांना ठाऊक असते, तिथे नागपुरातून पन्नास लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेऊन येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने किमतीचा विषय निघताच अवघडून जावे, ही सवय गावाची नव्हे, शहराची आहे. मी व्यवसायाने सनदी लेखापाल असल्यामुळे इतरांना त्यांच्या पैशांविषयी खोदून विचारणे हाच माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे, हेही इथे नमूद करून ठेवतो.

गाडी बीएमडब्ल्यूची आयएक्स-वन आहे, चेन्नईत जोडणी होणारी. जानेवारी २०२५ मध्ये ती ४९ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला बाजारात आली. विमा आणि इतर किरकोळ खर्च धरून ती दारात उभी राहीपर्यंत एकावन्न लाखांच्या थोडी पुढे गेली. हे मी आता कोणालाही सांगतो. शहरातील मित्रांनी सुचवलेली उत्तरे मला माहीत आहेत: 'कंपनीची आहे', 'हप्त्यावर घेतली हो', 'असेल तीस-पस्तीसच्या आसपास'. यांपैकी पहिली दोन माझ्या बाबतीत खोटी आहेत आणि तिसरे तर गावात पाच मिनिटेही टिकत नाही, कारण पारावर बसलेला नववीतला मुलगा मोबाइलमधून मान न काढता 'एक्स-शोरूम सांगून राहिले का ऑन-रोड?' असे विचारतो. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे पाहून ही सरकारी गाडी आहे का, असे कोणी पुसले तर त्याचाही उलगडा तोच करतो. पिवळी अक्षरे असती तर भाड्याची, हे त्याला तोंडपाठ आहे. किंमत कमी सांगण्यात आणखी एक खोट आहे. समोरच्याला खरा आकडा झेपणार नाही, असे आपण त्याच्या वतीने परस्पर ठरवून टाकतो, आणि हा अपमान त्याला बरोबर कळतो.

आकडा सांगितल्यावर काय होते ते एकदा पानठेल्यावर नीट पाहायला मिळाले. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग एका वयस्क कास्तकाराने सुपारी कातरता कातरता एकावन्न लाखांना कापसाच्या भावाने भागायला सुरुवात केली. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि त्या भावाने खरेदी करते ती सीसीआय, म्हणजे केंद्राचे भारतीय कापूस महामंडळ. त्या हिशेबाने गाडी सव्वासहाशे क्विंटलच्या वर गेली. कोरडवाहू एकराला पाच क्विंटल धरले तर सव्वाशे एकरांचे एका वर्षाचे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी न वजा करता. हा हिशेब पुरता बसतो न बसतो तोच शेजारचा म्हणाला, "हमीभाव कोणाले भेटते राजेहो? सीसीआयवाले ओलावा बारा टक्क्याच्या वर गेला का माल घेतच नाहीत. व्यापाऱ्याचा सात हजार धरा, सात हजार." पुन्हा भागाकार झाला आणि गाडी सव्वासातशे क्विंटलच्या पलीकडे गेली. त्यानंतर गाडीचा विषयच संपला. चर्चा वळली ती केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले त्याकडे, कारण सहाशे क्विंटलचे सातशे का झाले, याचे उत्तर माझ्या गाडीत नव्हते. मला वाटते, किमतीचा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाडीवाल्याच्या श्रीमंतीचे मोजमाप करायचे नसतेच. स्वतःच्या घामाची किंमत या मापाने किती भरते, हे त्यांना पाहायचे असते. आपण आकडा लपवला तर त्यांचा हिशेब अडतो, एवढेच.

खरा अवघड प्रश्न किमतीचा नसून कराचा आहे, आणि तो माझ्या चुलतभावाने विचारला. त्याने २०२३ मध्ये ट्रॅक्टर घेतला होता. "आमच्या ट्रॅक्टरले बारा टक्के जीएसटी, अन् तुमच्या गाडीले पाच. हे कोणतं गणित होय दादा?" या प्रश्नाला धंद्यातील माणसाने वेळ मारून नेणे शोभत नाही, म्हणून मी त्याला सगळे मांडून दाखवले. इलेक्ट्रिक वाहनांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आणि तो आणताना बारा लाखांची गाडी आणि दीड कोटीची गाडी यांच्यात काहीही भेद केला गेला नाही. याच किमतीच्या पेट्रोल गाडीवर तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के आहे. राज्याच्या मोटार वाहन कराचेही तसेच: वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १३ टक्के, म्हणजे या किमतीला सहा लाखांहून अधिक, आणि माझ्या गाडीला शून्य. शिवाय गाडी व्यवसायाच्या कामाला लागत असल्याने आयकरात तिच्यावर घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, धरताना साध्या गाडीच्या १५ टक्क्यांऐवजी ४० टक्क्यांचा दर मिळतो. हे शेवटचे त्याने विचारलेही नव्हते. पण निम्मा हिशेब दाखवणाऱ्या लेखापालाला माझ्या मते कार्यालयात बसण्याचा अधिकार नाही.

त्याच्या सात लाखांच्या ट्रॅक्टरवर बारा टक्क्यांनी चौऱ्याऐंशी हजार रुपये कर गेला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरही पाच टक्क्यांत आला, म्हणजे थांबला असता तर एकोणपन्नास हजार वाचले असते. परंतु पेरणी अशी थांबत नसते. फवारणीच्या रासायनिक औषधांवर मात्र १८ टक्के तसेच राहिले आहेत. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर प्रस्तावित झाला होता आणि त्याच महिन्यात तो मागेही घेण्यात आला. तो राहिला असता तर मला सुमारे तीन लाख रुपये भरावे लागले असते. "मंग नसती घेतली का?" असे भावाने विचारले तेव्हा मी खरे तेच सांगितले की, तरीही घेतली असती. इलेक्ट्रिक वाहनांना सवलत असावी, कारण खनिज तेलाची आयात कमी होते, शहरांतील धूर कमी होतो आणि नव्या उद्योगाला सुरुवातीला आधार लागतो, हे मला पटते. पण ज्याला सवलतीवाचून गाडी परवडते त्याला ती देण्याचे समर्थन मी भावाच्या अंगणात बसून करू शकलो नाही आणि नागपुरात बसूनही करू शकणार नाही. समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी जाहीर झाल्याचे त्याला आधीच माहीत होते. त्या मार्गासाठी आमच्याच तालुक्यातील वावरे गेली आहेत, त्यामुळे तिथला टोल कोणाला आणि कोणाला नाही, यावर गावाचे बारीक लक्ष असते.

सालदाराविषयी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर आमच्या वावरात राबणाऱ्या गड्याविषयी, लिहिणे टाळता आले असते, पण तेही अर्धवट हिशेबासारखेच झाले असते. त्याने पहिल्या दिवशी एवढेच विचारले की, गाडी पाण्याने धुतली तर करंट लागत नाही ना. लागत नाही, असे मी सांगितले, आणि त्याने ती धुऊ नये असेही सांगितले, कारण ते त्याच्या कामात बसत नाही. किंमत मी आपण होऊन काढली नाही. ती त्याला दुसऱ्या कोणाकडून कळली. पुढे साल ठरवायची वेळ आली तेव्हा त्याने तो आकडा काढला, आवाज न चढवता, आणि माझ्या मते तो काढण्याचा त्याचा हक्कच होता. शेती तोट्यात आहे, हे वाक्य दारात ती गाडी उभी असताना ज्याला ऐकवत नाही त्याच्यापुढे ते बोलू नये. भावाच्या कपाळाला आठ्या पडल्या, परंतु वाढ झाली आणि तिचा माझा वाटा मी दिला.

वर्गणी, उसनवारी आणि 'आमच्या पोट्ट्याले तिकडं चिकटवून द्या' या गोष्टी गाडीमुळे सुरू झालेल्या नाहीत. सनद मिळाली तेव्हापासून त्या आहेतच. भागवत सप्ताहाच्या पावतीवर आकडा थोडा फुगतो, इतकेच.

चालवण्याच्या खर्चाचा प्रश्न मला आवडतो, कारण तिथे सांगण्यासारखे काहीतरी असते. बॅटरी ६६ युनिटची आहे आणि घरातील पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिटच्या आसपास वीज घेते. वीज रात्रभर राहिली, आणि हे 'राहिली तर' फार मोठे आहे, तर सकाळपर्यंत सव्वाशे-दीडशे किलोमीटरची सोय होते. युनिटला दहा रुपये धरले तरी तीनशे रुपयांच्या आत भागते. हे ऐकून एकाने लगेच सुचवले, "मंग वावरातल्या मोटरीच्या लाइनवरून घ्या ना, ते तं फुकटच हाय." साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्याने २०२४ पासून मोफत वीज दिली आहे ती पिकाला पाणी द्यायला, तिच्यावर ही गाडी भरणे म्हणजे कायदा मोडणे तर झालेच, पण पाच टक्क्यांच्या जीएसटीनंतर तेवढेच करायचे बाकी होते. काकूच्या घरच्या मीटरवर जे युनिट चढतात त्यांचे पैसे मी तिला देतो. ती घेत नाही. मग वीज बिलच परस्पर ऑनलाइन भरून टाकतो, आणि त्यावरून दर वेळी बोलणी खातो.

सर्वांत मर्मावरचा प्रश्न मात्र थोरल्या काकांचा, ज्यांना आम्ही मोठेबाबा म्हणतो. त्यांनी किंमत ऐकून घेतली, गाडीभोवती एक फेरी मारली, मागचे दार उघडून पाहिले आणि विचारले, "अन् इकाची झाली तं कितीले जाईन?" इतक्या लोकांनी इतके विचारले, पण हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. मी त्यांना सांगितले की, बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची आहे, पण अशा जुन्या गाड्यांना आपल्याकडे गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे तीन-चार वर्षांत किंमत निम्मी धरून चालावे. त्यांनी दार हलकेच लावले. "मंग आपलं वावर बरं बाप्पा," ते म्हणाले, "जुनं झालं तरी भाव वाढतेच." हिशेब त्यांचाच बरोबर आहे, आणि सातबाऱ्यावरचे माझ्या वाट्याचे चार एकर मी अजून विकायला काढलेले नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे.